चाकणहून डेट्रॉईटला निघालात? जेट लॅगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चाकणला गाड्यांचे पार्ट्स बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि कस्टमर डेट्रॉईटच्या बाजूला असल्यामुळे तिकडे बऱ्याच फेऱ्या झाल्यात. दर वेळी टीममधलं कोणीतरी पहिल्यांदा निघतं, आदल्या आठवड्यात माझ्या डेस्कपाशी येऊन उभं राहतं आणि तेच ते प्रश्न विचारतं, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकू, म्हणजे पुढच्याला लिंक पाठवली की काम झालं. मी डॉक्टर नाही, जे वाचलंय आणि जे अंगावर काढलंय तेच लिहितोय.

जेट लॅग म्हणजे प्रवासाचा शीणच ना? एक रात्र झोपलं की उतरतो?

नाही, दोन्ही वेगळं आहे. पुण्याहून नागपूरला रात्रभर बसने गेलात तर जो होतो तो शीण, एक झोप काढली की गेला. लंडनहून केपटाऊनला लोक अकरा-बारा तास उडत जातात, दमतात, पण घड्याळाचा फरक एक-दोन तासांचाच असल्यामुळे त्यांना जेट लॅग म्हणावं असं फारसं होत नाही. म्हणजे त्रास अंतराचा नाही, पूर्व-पश्चिम गेल्याचा आहे.

आपल्या मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, साधारण वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे, तेच आपलं मुख्य घड्याळ. झोप, भूक, अंगाचं तापमान, पोट साफ व्हायची वेळ, सगळं त्याच्या तालावर चालतं. पेशींच्या आत हे घड्याळ कसं टिकटिकतं ते शोधल्याबद्दल २०१७ चं वैद्यकाचं नोबेल तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना मिळालं होतं. आणि हे घड्याळ जुळवलं जातं ते मुख्यतः उजेडाने. तुम्ही मनगटावरचं घड्याळ विमानात बदललंत म्हणून याला काही कळत नाही, ते अजून चाकणमध्येच असतं.

आपल्यात आणि डेट्रॉईटमध्ये फरक किती, साडेनऊ तास की साडेदहा? दोन्ही ऐकलंय.

दोन्ही बरोबर. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. तेवढे आठ महिने साडेनऊ, बाकी साडेदहा. नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात पुण्याच्या टीमबरोबर कॉल असेल तर आधी नीट बघा, आमच्याकडे दर वर्षी कोणीतरी तासभर आधी येऊन एकटंच बसतं.

उजेडाने घड्याळ जुळतं म्हणता, मग तिकडे सकाळी उठून उन्हात फिरलं की झालं ना?

इथेच सगळे फसतात, मीही पहिल्या तीन फेऱ्या फसलो. एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: तुमच्या अंगातले पहाटेचे चार कुठे आहेत ते शोधा.

रोज अकराला झोपून सहा-साडेसहाला उठणाऱ्या माणसाचं अंग पहाटे चारच्या आसपास सगळ्यात थंड असतं, झोप सगळ्यात अनावर होते ती तेव्हा. त्या वेळेच्या आधीच्या काही तासांत डोळ्यावर उजेड पडला तर घड्याळ मागे सरकतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी झोप उशिरा येते. त्यानंतरच्या काही तासांत पडला तर पुढे सरकतं, झोप लवकर येते. आणि भर दिवसा, म्हणजे अंगाच्या दुपारी, उजेडाने फारसं काहीच होत नाही.

आता गणित करा. पुण्यातले पहाटेचे चार म्हणजे डेट्रॉईटला उन्हाळ्यात आदल्या संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेपाच. तुम्हाला पश्चिमेला जायचंय, घड्याळ मागे ढकलायचंय, तर पहिल्या दिवशी उजेड हवा दुपारी तीन ते सहा-साडेसहा. सकाळी सातला हॉटेलबाहेर फेऱ्या मारल्यात तर अंगाच्या हिशोबाने ती दुपारची साडेचारची वेळ, ताजंतवानं वाटेल पण घड्याळ जागचं हलणार नाही. आणि संध्याकाळी साडेसातला लख्ख उन्हात (जूनमध्ये तिकडे सूर्य नऊनंतर मावळतो) फिरलात तर उलट दिशेला ढकलाल. म्हणून पहिल्या संध्याकाळी साडेसहानंतर गॉगल, नाहीतर सरळ खोलीत पडदे ओढून. मग रोज ही वेळ तास-दीड तास पुढे न्यायची, दुसऱ्या दिवशी आठ, तिसऱ्या दिवशी साडेनऊ, की झालं, पुढे गॉगलची गरज नाही.

हिवाळ्यात गेलात तर अवघड आहे. डिसेंबरात पाच वाजताच अंधार, सकाळी आठला उजाडतं, आणि आभाळ बहुतेक भरलेलंच. तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यात उजेडाच्या जागी बसा, खिडकी मिळाली तर उत्तम.

मीटिंगची वेळ आपल्या हातात असेल तर कोणती मागू?

सकाळची. आठ ते बारा, डोळे झाकून. पुण्यातले रात्रीचे अकरा म्हणजे तिकडे दुपारचा दीड, म्हणजे जेवण झाल्या झाल्या अंग म्हणतं चला आता आडवं व्हा. दीडपासून साडेआठपर्यंत तुमची रात्र चालू असते आणि कस्टमरचा रिव्ह्यू, प्लांट टूर, वर डिनर, हे सगळं नेमकं त्यातच ठेवलेलं असतं.

माझा किस्सा सांगतो. दुसऱ्या की तिसऱ्या फेरीत, उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला मी नव्या पार्टचा डेटा दाखवत होतो. स्लाइडवर स्वच्छ लिहिलेलं होतं, सीपीके १.६७. मी तोंडाने बोललो ०.६७. क्वालिटीवाल्यांना कळेल मी काय करून बसलो, ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी, हे म्हणजे पोरगं पास झालंय हे सांगायला जाऊन नापास सांगून येणं. समोरचा माणूस पेन ठेवून माझ्याकडे बघायला लागला आणि मला कळेच ना हा का बघतोय, मी तसाच पुढच्या स्लाइडवर गेलो. शेजारी बसलेल्या आमच्या साहेबांनी टेबलाखालून पाय मारला तेव्हा जागा झालो. तेव्हापासून आकडे असलेलं काहीही मी दुपारनंतर बोलत नाही, स्लाइड लावतो आणि वाचायला सांगतो.

विमानात झोपायचं कधी? मला तर बसून झोपच येत नाही.

आपल्याकडून डेट्रॉईटला थेट काही नाही. बहुतेक जण मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघतात, सकाळी युरोपात उतरतात आणि तिथून आठ-नऊ तासांची दुसरी फ्लाइट पकडून त्याच दिवशी दुपारी डेट्रॉईट. पुण्यातून संध्याकाळी कॅब निघाल्यापासून हॉटेलच्या खोलीत बॅग टाकेपर्यंत तीसेक तास धरा. एक्सप्रेसवेवर घाटात अडकलात तर ते वेगळे.

पहिल्या फ्लाइटमध्ये झोपा, ती तुमच्या अंगाची खरी रात्र आहे. पण पहाटे साडेतीनला दिवे लावून जेवण वाटतात आणि आपण पैसे भरलेत म्हणून सगळे उठून जेवतात. नका जेवू. घरून जेवून निघा, एअरपोर्टला काहीतरी हलकं खा, बसल्या बसल्या पट्टी डोळ्यावर आणि बेल्ट पांघरुणाच्या वरून लावा, नाहीतर बेल्ट बघायला उठवतात. दुसऱ्या फ्लाइटमध्ये मात्र जागं राहायचं, पिक्चर बघा, प्रेझेंटेशन करा, फार तर शेवटी तासभर डोळा लावा. तिकडे रात्री नऊपर्यंत तग धरायची असते, म्हणजे पुण्याचे सकाळचे साडेसहा, म्हणजे अख्खी रात्र जागल्यासारखंच. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, पहिल्या फ्लाइटमध्ये उत्साहात तीन पिक्चर आणि दुसऱ्यात मेल्यासारखी झोप.

शाकाहारी आहे, जेवणाचं काय?

तिकिटावर आधीच स्पेशल मील टाका, एशियन व्हेज किंवा जैन. हिंदू मील टाकू नका, ते शाकाहारी नसतं, त्यात चिकन-मटण येतं, आमच्या स्टोअर्समधल्या एकांनी नावावर विश्वास ठेवून अख्खा प्रवास ब्रेडवर काढला. स्पेशल मीलचा फायदा म्हणजे सगळ्यांच्या आधी मिळतं.

पाय सुजतात, घसा कोरडा पडतो, नॉर्मल आहे का?

हो. केबिनमधली हवा वाळवंटासारखी कोरडी असते, दमटपणा दहा-वीस टक्के, आणि दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असल्यासारखा, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही वर बसून तुम्ही नऊ तास जेवताय-झोपताय. पाणी पीत राहा, दर दोन तासांनी उठून चाला. पायात रक्ताची गाठ होण्याचा आधीचा इतिहास असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारूनच निघा. आणि उतरल्यावर एकाच पोटरीत दुखणं, सूज, लाली असली तर जेट लॅग म्हणून सोडून देऊ नका.

इमिग्रेशनला काय सांगायचं?

खरं सांगायचं आणि थोडक्यात. बिझनेस व्हिसावर असाल तर तुम्ही मीटिंगला आलाय, तिकडे नोकरीला नाही. आपल्याला सवय असते ‘कामाला आलोय’ म्हणायची, त्यावरून उगाच प्रश्न वाढतात. खाण्याचं काही आणलं असेल तर डिक्लेअर करा, लाडू-चिवड्याला कोणी काही म्हणत नाही, पण ताजी फळं आणि मांसाचं काही नेऊ नका.

पहिल्या दिवशी भाड्याची गाडी घेऊन स्वतः चालवत जाऊ का? कंपनी पैसे देतेय.

अजिबात नाही. रस्त्याची बाजू उलटी, स्टिअरिंग उलट बाजूला, आणि अंगात रात्रीचे दोन-तीन वाजलेले. कॅब करा, गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. यावर वाद घालणारे खूप भेटतात, मी घालत नाही.

रात्री अडीचला टक्क जाग येते, काय करू?

येणारच. पुण्यात तेव्हा दुपारचे बारा वाजलेत, पोटाला जेवण हवंय. यात दोन शत्रू आहेत, भूक आणि फोन. फोनच्या उजेडाचं तसं फार नाही, पण आपले सगळे ग्रुप त्याच वेळी पेटलेले असतात. तुम्ही एकाला ‘हो’ टाकता, तो म्हणतो अरे जागा आहेस का, लाइनवरचा एक प्रॉब्लेम बघ ना, आणि साडेचारपर्यंत तुम्ही चाकणची शिफ्ट चालवत असता. फोन बाथरूममध्ये ठेवून या. पुण्याच्या टीमला सांगून ठेवा की कॉल डेट्रॉईटच्या सकाळी सात ते आठ, आपले साडेचार-साडेपाच, त्याच्या आधी लाइन बंद पडली तरी नाही.

भुकेचं मात्र ऐकायचं. हॉटेलचा नाश्ता सहाला सुरू होतो, तीन ते सहा उपाशी छताकडे बघत पडलात तर झोप येत नाहीच. मी जाताना छोट्या डबीत मेतकूट आणि वेगळ्या डबीत मीठ-लोणच्याचा मसाला नेतो. तिकडच्या इंडियन ग्रोसरीतून (नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स, त्या सगळ्या पट्ट्यात भरपूर आहेत) तूप आणि शिजवलेल्या भाताची पाकिटं आणायची, मायक्रोवेव्हमध्ये दीड मिनिट. फक्त शेवटचा बीप वाजायच्या एक सेकंद आधी दार उघडायचं, भिंती पातळ असतात. बाहेर बर्फ, पार्किंगमध्ये एकच पिवळा दिवा, आणि हातात कॉफीच्या कागदी कपात मेतकूट-भात, प्लास्टिकच्या चमच्याने. पोट भरलं की दिवा न लावता पडून राहायचं. चारपैकी तीन वेळा तासाभरात पुन्हा डोळा लागतो.

मेलाटोनिन घेऊ का? तिकडे दुकानात असंच मिळतं म्हणे.

मिळतं, अमेरिकेत ते पूरक आहार म्हणून विकतात, चॉकलेट-गोळ्यांच्या शेजारी. ते झोपेची गोळी नाही, मेंदूला ‘रात्र झाली’ असं सांगणारं हार्मोन आहे, आपल्या अंगात अंधार पडला की तयार होतंच. २००२ साली कॉक्रेनवाल्यांनी (वैद्यकीय प्रयोगांचे आढावे घेणारी संस्था) सगळे प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा पाच किंवा जास्त टाइम झोन ओलांडणाऱ्यांना तिकडच्या झोपेच्या वेळी अर्धा ते पाच मिलिग्रॅम घेऊन फायदा दिसला होता. म्हणजे दहाची गोळी कशालाही नको. आणि वेळ महत्त्वाची, चुकीच्या वेळी घेतलं तर घड्याळ उलटीकडे जातं. रक्त पातळ करायची, फिटची किंवा इतर औषधं चालू असतील, किंवा दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

झोपेच्या गोळ्या मी विमानात घेत नाही. गोळी घेऊन वर वाइन, मग नऊ तास पाय न हलवता बसणं, यात काय शहाणपण आहे मला समजलेलं नाही.

चहा-कॉफी?

सकाळी हवी तेवढी, दुपारी दोननंतर बंद. पाच-सहा तासांनी निम्मी कॉफी अंगात शिल्लकच असते. दुपारी अगदीच सुचेनासं झालं तर कॉफी पिऊन लगेच वीस मिनिटं गाडीत डोळे मिटा, उठेपर्यंत ती चढलेली असते. अलार्म दोन लावा.

शुगरच्या, बीपीच्या गोळ्या कोणत्या घड्याळाप्रमाणे?

हे इथे विचारू नका, निघायच्या आठवडाभर आधी तुमच्या डॉक्टरांकडे प्रवासाच्या वेळा लिहिलेला कागद घेऊन जा. इन्सुलिनवाल्यांनी तर नक्कीच, कारण जाताना तुमचा दिवस साडेतेहतीस-साडेचौतीस तासांचा होतो आणि येताना आखडतो. औषधं हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. चेक-इन बॅग युरोपात राहून गेली तर दोन दिवस गोळ्यांशिवाय काढायला लागतात.

फक्त तीन दिवसांसाठी जातोय, तरी हे सगळं करू?

नको. तीन दिवसांत घड्याळ जेमतेम चार-पाच तास सरकणार आणि सरकलं न सरकलं तोच परत यायचं. सगळी कामं सकाळी, दुपारी पाचला खोलीत, सहाला झोप, मध्यरात्रीनंतर उठून काम. कस्टमरचं डिनर लंचवर ढकला, ते समजून घेतात, त्यांची माणसं पुण्याला येतात तेव्हा त्यांचीही तीच अवस्था असते.

मधल्या शनिवार-रविवारी काय करू? खोलीत झोपून राहावंसं वाटतं.

बाहेर पडा, विशेषतः दुपारी. डेट्रॉईट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्समध्ये दिएगो रिव्हेराने १९३२-३३ मध्ये फोर्डच्या रूज प्लांटवर रंगवलेली भित्तिचित्रं आहेत, भिंतभर प्रेस, कन्व्हेयर, इंजिन ब्लॉक, घामाघूम माणसं. आपल्या धंद्यातल्या माणसाने बघावीतच, मी तिथे तासभर उभा होतो आणि वरून काचेतून मस्त उजेड येतो, म्हणजे औषधच. मराठी ऐकायची हुक्की आली तर तीही भागते, मिशिगनात आपली माणसं इतकी आहेत की उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०१७ चं अधिवेशन ग्रँड रॅपिड्सला झालं होतं. कोणाच्या घरी जेवायला बोलावलं तर जा, पण दुपारी जा.

परत आल्यावर त्रास जास्त का होतो?

कारण माणसाचं घड्याळ चोवीस तासांहून किंचित मोठं आहे, त्याला उशीर करणं जमतं, लवकर करणं जमत नाही. पश्चिमेला जाताना दिवसाला तास-दीड तास सरकतं, पूर्वेला येताना तासाच्या आसपास. साडेनऊ तास म्हणजे आठ-दहा दिवस हिशोबाने.

आणि इथे पुन्हा तेच, अंगातले चार शोधा. दोन आठवडे डेट्रॉईटला राहिलात तर तिकडचे पहाटेचे चार म्हणजे पुण्यात दुपारचे दीड, हिवाळ्यात अडीच. म्हणजे घरी आल्यावर सगळे सांगतात ना, सकाळी उठून टेकडीवर जा, ऊन घे, ते पहिले तीन-चार दिवस नेमकं चुकीचं. सकाळी गॉगल, पडदे, आणि उजेडात बाहेर पडायचं ते दुपारी दीडनंतर. मग रोज तासभर अलीकडे आणायचं. माझ्या आईला हे आजवर पटलेलं नाही, ती म्हणते उन्हाने कधी कोणाचं वाईट झालंय का. काही जणांचं घड्याळ एवढ्या मोठ्या फरकात उलट्या दिशेनेच फिरून येतं, म्हणजे रोज अजून उशिरा झोप, त्यांनी वैतागू नये, तेही पोचतात, फक्त लांबच्या रस्त्याने.

तिकीट काढताना शुक्रवारी रात्री मुंबईत उतरेल असं बघा. रविवारी रात्री उतरून सोमवारी जनरल शिफ्टला जाणाऱ्यांना काही बक्षीस मिळत नाही, मी विचारून पाहिलंय.

घरी कोणालाच पटत नाही. बायको म्हणते, दोन आठवडे हॉटेलात राहून आलास आणि आता दिवसभर झोपतोस.

तिच्या बाजूने बघा, दोन आठवडे शाळा, डबे, सासू-सासऱ्यांची औषधं तिने एकटीने केलीत आणि तुम्ही सकाळी अकराला घोरताय. मी एक करतो, पहिले चार-पाच दिवस रात्रीची ड्यूटी माझी. नाहीतरी दोनपासून जागाच असतो. भांडी लावतो, कणीक मळून ठेवतो, पोरांच्या डब्याची भाजी चिरतो, पाण्याची मोटर साडेपाचला लावतो. सहाला तिला चहा करून देतो आणि मग जाऊन झोपतो. मागच्या वेळी सहाव्या दिवशी मी रात्री सरळ सहापर्यंत झोपलो, तर उठल्यावर ती म्हणाली, भाजी नाही चिरलीस का आज.